कुलूप लागलंय, एवढंच सांगणारा मी

मित्रांनो, तुम्ही कधी गाडीच्या पोटाखाली वाकून पाहिलंय का? नसेलच. तिथे पाहण्यासारखं असतं तरी काय? वाळलेला चिखल, तेलकट लोखंड आणि फार तर सावलीला झोपलेलं एखादं मांजर. पण डोंगरातल्या वाटा तुडवणारी गाडी असेल, तर तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा दिसेल. त्या गोळ्याच्या कुशीला, अंगठ्याच्या पेराएवढा, मी बसलेलो असतो. मी एक जुना सेन्सर आहे.

माझं काम आधी समजावून सांगतो, कारण ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. चांगल्या रस्त्यावर गाडीची दोन्ही चाकं आपापल्या चालीने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतलं दमाने जातं. पण चिखलात किंवा सुट्या दगडांवर एखादं चाक अधांतरी झालं, की तेच भिंगरीसारखं गरगरत बसतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. अशा वेळी गाडी चालवणारा एक बटण दाबतो. गोळ्याच्या आत एक कुलूप सरकतं आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. मग एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं. कुलूप नीट लागलं, की माझ्या टोकाची इवलीशी खुंटी दाबली जाते. मी तारेतून वर निरोप धाडतो, "लागलंय." चालवणाऱ्याच्या समोरचा पिवळा दिवा तोवर लुकलुकत असतो, तो आता स्थिर होतो. बस्स. जन्मभर मला हा एकच शब्द बोलायचा होता.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक, स्वच्छ टेबलावर झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी बोटाच्या टोकाने माझी खुंटी दाबली. त्यांच्यासमोरचा दिवा लागला. "पास," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजाऱ्याला उचललं. एवढंच कौतुक वाट्याला आलं, पण मला ते पुष्कळ दिवस पुरलं.

मग मला गोळ्यात घट्ट पिळून बसवलं. माझं एक टोक आत, तेलात. दुसरं बाहेर, ऊन, धूळ आणि चिखलात. आतलं तेल बाहेर येऊ नये आणि बाहेरचं पाणी आत जाऊ नये, म्हणून माझ्या गळ्यात एक रबरी कडी होती. तारेभोवती डिंकासारखा चिकट मसालाही भरला होता.

आमची गाडी घेतली ती जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी. उंच पठारावर मेंढपाळांच्या वस्त्या होत्या, तिथे त्या जायच्या. वाटेत ओढे होते, घसरडे चढ होते आणि एके ठिकाणी तर वाट दरीच्या कडेने तिरकी चढत होती. तिथे बाई न चुकता थांबायच्या, बटण दाबायच्या आणि दिव्याकडे बघायच्या. दिवा स्थिर झाला की म्हणायच्या, "लागलं बघ." कुणाला म्हणायच्या कोण जाणे, गाडीत त्या एकट्याच असत. पण मी ते माझ्यासाठीच आहे असं धरून चाललो होतो. तुम्हीही तेच केलं असतं.

अशी कित्येक वर्षं गेली. कुणी मला पाहिलं नाही, आणि पाहायची गरजही पडली नाही.

आमच्यासारख्यांना कशाचा त्रास होतो, सांगू? चढ चढून लोखंड तापलेलं असतं आणि पुढच्याच वळणावर गाडी थंडगार ओढ्यात उतरते. गोळ्यातली गरम हवा एकदम आखडते आणि जिथे फट मिळेल तिथून बाहेरचं ओढून घेते. माझी रबरी कडी तोवर कडक झाली होती. तारेभोवतीच्या मसाल्याला भेगा गेल्या होत्या. एका ओढ्यात माझ्या आत पाण्याचा एक थेंब शिरला. मग आणखी एक. आतलं तांबं हिरवं पडू लागलं.

कोरड्या दिवसांत माझा आवाज वर पोचायचा. ओल असली की अडखळायचा. कुलूप लागलेलं असायचं, मी सांगतही असायचो, आणि तरी वर दिवा लुकलुकतच राहायचा.

बाईंनी गाडी गॅरेजात नेली. तिथल्या मालकाला सगळे वस्ताद म्हणत. माणूस आडवातिडवा, पण हात मायेचा. गाडीखाली शिरताना तो आधी गाडीला "जरा सरक गं" म्हणायचा. त्याने मला बाहेरून पुसलं, फुंकलं, तार हलवून बघितली.

"बाई, ह्याच्या आतच काहीतरी झालंय. आणि हा आता नवा मिळत नाही. मी सगळीकडे विचारलं, बनवायचंच बंद केलंय त्यांनी."

"मग?"

"मग काय, तो दिवाच काढून टाकतो. डोळ्यांपुढची कटकट तरी जाईल."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "नको, वस्ताद. दिवा काढला म्हणून मला खरं थोडंच कळणार आहे?"

त्या दोन वाक्यांसाठी मी त्यांचा आजही ऋणी आहे.

त्यानंतर तो दिवस आला. पठारावरून फोन आला, की मेंढपाळाची काळी गाय अडली आहे आणि वासरू आडवं आलंय. बाईंनी बॅग उचलली आणि आम्ही निघालो. वाट ओली होती. दरीकाठच्या त्या तिरक्या चढाशी बाई थांबल्या, बटण दाबलं. आत कुलूप खट्कन लागलं. माझी खुंटी दबली. मी म्हणालो, "लागलंय!"

वर दिवा लुकलुकत राहिला.

बाईंनी गाडी थोडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, पुन्हा बटण दाबलं. मी जीव तोडून सांगत होतो. पण माझ्या आतली एक तार कुजून तुटली होती, आणि माझं बोलणं माझ्यापाशीच विरत होतं. कुलूप लागलेलं नसताना त्या चढावर गाडी घातली असती, तर एक चाक गरगरलं असतं आणि गाडी आडवी घसरत दरीत गेली असती. बाईंना खरं कळायला मार्ग नव्हता. त्यांनी गाडी खाली आणून लावली, बॅग खांद्याला अडकवली आणि झपाझप चालू लागल्या.

मी त्यांच्या पावलांचा आवाज जाईपर्यंत ऐकत होतो.

त्या परतल्या तेव्हा ऊन कलंडलं होतं. घरी पोचल्यावर गाडी शेडमध्ये लावली, पण त्या उतरल्याच नाहीत. स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने कुणीतरी काचेवर टकटक केली. ते त्यांचे सासरे होते.

बाईंचा नवरा जहाजावर नोकरीला होता, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात सून आणि सासरे दोघंच. सासऱ्यांनी आयुष्यभर कवळ्या बनवल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं," असं ते पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. पण अलीकडे त्यांनी कामाची खोली बंद केली होती. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर "कंटाळा आला" म्हणायचे.

"सूनबाई, आत नाही का येणार?"

"येते, बाबा."

"येते म्हणून पुष्कळ वेळ झाला." ते दार उघडून शेजारी बसले. "काय झालं?"

"वासरू गेलं. गाय वाचली. मी जरा आधी पोचले असते तर..." बाईंनी कपाळ स्टिअरिंगवरून उचललं. "त्या मेंढपाळाची बायको एका शब्दाने बोलली नाही मला. हात धुवायला पाणी घातलं आणि म्हणाली, दमला असाल, बसा. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं."

"गाडी वर का नाही नेलीस?"

बाईंनी दिव्याचं सांगितलं. सासरे ऐकत राहिले.

"नाही नेलीस तेच बरं केलंस," ते म्हणाले. "काळीला वासरू नाही राहिलं, वाईट झालं. पण मला सून राहिली."

मग बाई रडल्या. त्यांनी रडू दिलं. नंतर म्हणाले, "तो दिवा लावणारा जो कोण आहे, तो केवढा असतो?"

"असेल मुळासकट एखाद्या दाढेएवढा."

"दाढेएवढा? मग आणून दाखव की मला! जन्म गेला माझा तेवढ्याच वस्तूंत."

मित्रांनो, वस्तादाने मला गोळ्यातून बाहेर काढलं, तेव्हा कारखान्यानंतर पहिल्यांदाच मी अख्खा उजेडात आलो. बाईंनी मला मऊ फडक्यात गुंडाळून घरी नेलं. मागच्या अंगाची ती बंद खोली उघडली. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, जणू सगळे मिळून माझ्याकडे बघून हसत होते. टेबलावर भिंग, चिमटे आणि बारीक टोकांची हत्यारं होती. सगळ्यावर धूळ बसली होती. सासऱ्यांनी ती फुंकली आणि मला भिंगाखाली धरलं.

"अरे बापरे," ते म्हणाले, "ह्याची तर मुळापर्यंत कीड गेलीय."

त्यांनी माझ्या पाठीवरचा भेगाळलेला मसाला उकरला. आतली हिरवी घाण ब्रशने आणि स्पिरिटने स्वच्छ केली. तुटलेली तार सापडली. ती पुन्हा जोडून कथलाचा डाग द्यायचा होता. त्यांनी कथील वितळवायची तापलेली डागणी उचलली आणि मी पाहिलं, तिचं टोक थरथरत होतं. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं, श्वास रोखला. तरी टोक भलतीकडे गेलं आणि माझ्या कडेचं प्लास्टिक चर्रकन जळलं.

त्यांनी डागणी खाली ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले, लपवल्यासारखे.

"मी करते," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही माझ्यासमोर चहा प्यायचा सोडलात ना बाबा, तेव्हापासून."

सासरे खिडकीबाहेर बघत राहिले. मग खुर्ची सरकवून त्यांनी सुनेला जागा करून दिली.

"बस. डागणी पेनासारखी धर. घाई करू नकोस. आधी तार तापव, कथील आपोआप धावत येईल. आणि श्वास रोखू नकोस गं, सोड. सोडता सोडता हात लाव. हां... अस्सं."

तार जुळली. वरून त्यांनी कवळीच्या हिरड्यांना वापरतात तो गुलाबी लगदा भरायला सांगितला. तो वाळल्यावर मी असा काही दिसू लागलो, की वस्ताद मला परत बसवताना पोट धरून हसला. "बाई, ह्याला आता जेवायला घालायचं का?"

दिवा स्थिर लागला. सगळ्यांना वाटलं, झालं. मलाही वाटलं.

पण काही आठवड्यांतच मी पुन्हा अडखळू लागलो. वस्तादाने तपासलं, तर भलताच प्रकार. माझ्यापासून हातभर लांब, तारेच्या दुसऱ्या टोकाला जो प्लग असतो, त्यातून तेल ठिबकत होतं.

"तेल गोळ्यात, आणि निघतंय इथे! मधे तर सगळी तार कोरडी ठणठणीत," वस्तादाने डोकं खाजवलं.

मी पुन्हा भिंगाखाली आलो. गुलाबी लगदा जुन्या प्लास्टिकला नीट धरलाच नव्हता, तापून थंड होताना कडेने सुटला होता. पण प्लगमधल्या तेलाचं कोडं सुटेना. सासऱ्यांनी त्या तारेचा एक तुकडा कापून घेतला आणि उगाच चाळा म्हणून त्याचं टोक लाल शाईच्या बाटलीत उभं करून ठेवलं. मग दोघं जेवायला गेले. परत येऊन बघतात तो तुकड्याचं वरचं टोक लालभडक झालेलं.

"सूनबाई, ही तार नाही गं!" सासरे जवळजवळ ओरडलेच. "ही वात आहे, वात! आत बारीक बारीक तंतू आहेत, त्यांच्यामधून चढतंय. आपण बाहेरून लिंपत बसलो आणि वाट आतूनच उघडी. जिथून तेल बाहेर येतं, तिथून पाणीही आत जाणारच."

त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून बाई हातातलं काम विसरल्या. कवळीवाले परत आले होते.

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. तारेचं आवरण थोडं सोललं. उघड्या तंतूंमध्ये बाईंनी इतकं कथील मुरवलं, की तंतूंची मिळून एक भरीव काडी झाली. आता त्यातून काही चढायला जागाच उरली नाही. माझं जुनं प्लास्टिक सासऱ्यांनी बाईंकडून खरवडून घेतलं. "गुळगुळीत जागेवर काहीच धरत नाही, जुनी कवळी दुरुस्त करतानाही आधी खरवडावीच लागते." लगद्याऐवजी ह्या वेळी दोन नळ्यांतून मिसळायचा तो घट्ट गोंद घेतला आणि बुडबुडा राहू नये म्हणून सुईने हळूहळू भरला. गळ्यात नवी रबरी कडी घातली. गोंद पुरता वाळेपर्यंत मला कुणाला हातही लावू दिला नाही. वस्ताद दोनदा येऊन गेला, दोनदा दारातूनच परत पाठवला.

शेवटी परीक्षा. बाईंनी म्हशींना टोचायची मोठी सिरिंज आणली, तिला रबरी नळी लावून माझ्या आतल्या टोकाला घट्ट बसवली, मला पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि हवा दाबली. दोघांची डोकी ग्लासावर एकमेकांना टेकली होती. एकही बुडबुडा आला नाही.

"पास," सासरे म्हणाले.

वस्तादाने मला परत गोळ्यात बसवलं आणि थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, पठारावरून पुन्हा फोन आला. रात्री मेंढ्या कुंपण तोडून कोवळ्या हिरव्या चाऱ्यात शिरल्या होत्या. सगळ्यांची पोटं ढोलासारखी फुगली होती, एक मेली होती, बाकीच्या आडव्या पडत होत्या. अशा वेळी नळी घालून पोटातला वायू लवकर काढला नाही, तर कळपच्या कळप जातो. बाईंनी बॅग भरली आणि दारात थांबल्या.

"बाबा, चला माझ्याबरोबर. मेंढ्या धरायला माणूस लागेल."

"मी? हे हात घेऊन?"

"मेंढीला धरल्याशी कारण, बाबा. हात थरथरतोय का, हे ती नाही बघत."

त्यांनी चपला घातल्या.

त्या तिरक्या चढाशी गाडी थांबली. खाली दरी, वर ओला, निसटता मुरूम. बाईंनी बटण दाबलं. कुलूप सरकलं. माझी खुंटी दबली आणि मी माझा शब्द उच्चारला. तो तारेतून गेला, भरीव काडीतून गेला, पुढच्या प्लगमधून गेला. मला वरचं दिसत नाही, कानांवर पडेल तेवढंच कळतं. मी नुसता वाट बघत होतो.

"हाच का तो दिवा?" सासऱ्यांचा आवाज आला.

"हाच."

"लुकलुकत नाहीये."

"नाही, बाबा." बाईंनी मोठा श्वास सोडला. "लागलं बघा."

गाडी चढू लागली. मधे एक चाक सुटून हवेत गेलं, दुसऱ्याने आम्हाला सावरलं. सासरे पूर्ण चढभर दरीकडे एकदाही न बघता दिव्याकडे टक लावून बसले होते, असं बाईंनी नंतर हसत वस्तादाला सांगितलं.

वर गाडी मेंढ्यांच्या वाड्याला लागूनच उभी होती, त्यामुळे सगळं माझ्या कानांवर पडत होतं. सासरे मेंढीचं डोकं छातीशी धरायचे, बाई नळी आत सरकवायच्या, फुस्स आवाज व्हायचा आणि लगेच पुढची. "ये गं माय, उघड तोंड... मोठं... शाब्बास," सासरे प्रत्येकीशी बोलत होते. जन्मभर माणसांना ते हेच सांगत आले होते. धपाधप पडलेल्या मेंढ्या हळूहळू उठून उभ्या राहिल्या. बें-बें करू लागल्या. पहिल्या एकीनंतर दुसरी कुठली गेली नाही.

मेंढपाळाच्या बायकोने चहा आणला. "तुम्ही पण डॉक्टर का?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"नाही, मी दातवाला. पण ह्यांचे दात एकदम झकास आहेत, माझ्यासाठी काही काम नाही."

ती हसली. कप बशीवर किणकिणला. थोडा चहा सांडला असावा. तिने न विचारता पुन्हा भरला आणि सासरे सगळ्यांच्या मधे बसून तो प्याले, अगदी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.

आता ती मागची खोली रोज उघडी असते. डोंगरात गाड्या चालवणारे लोक वस्तादाकडून पत्ता घेऊन येतात. माझे भाऊबंद फडक्यात बांधून आणतात. सासरे भिंगातून बघतात आणि सांगतात, बाई सवड मिळेल तेव्हा डाग देतात. मधूनमधून दोघांचं वाजतंही. "किती वेळा सांगितलं, आधी तार तापव!" "तापवलीय हो बाबा, तुमचा चष्मा पुसा आधी!"

मी थकलोय. गाडीही थकलीय. माझ्या अंगावरचा गोंद पिवळा पडलाय आणि जळलेली कड तशीच आहे. कधीतरी हा शब्द माझ्याकडून शेवटचा बोलला जाईल. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात एखादी वस्तू अडखळू लागली, किंवा एखादं माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणत खोली बंद करून बसलं, तर वैतागून त्याचा दिवा काढून टाकू नका. ते खोटं बोलत नसेल. ते सांगतच असेल, पण आत कुठेतरी पाणी शिरलं असेल, तार तुटली असेल. जवळ घ्या, उजेडात धरा, हलक्या हाताने उघडून बघा. एकदा करून नाही जमलं, तर पुन्हा करा.

थांबा हं. इंजिन सुरू झालंय, वाट तिरकी होतेय. बाईंनी बटण दाबलं वाटतं. कुलूप सरकलं, माझी खुंटी दबली.

मला आता बोलायला हवं.